नंबर वन कॉलेज आणि दिंडोरीची अडीच एकर बाग

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी इनबॉक्समध्ये येऊन सुनवायला नको. दिंडोरीजवळ आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि अमेरिकेतल्या धाकट्या भावाचं नाव लागलं. भावाला आता ती बाग विकायची आहे. प्लॉटिंगवाला गिऱ्हाईक तयार आहे. कारण पुतणीला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. (जॉन नाही, जॉन्स. आमच्याकडे निम्मे लोक चुकीचं म्हणतात, मीही वीस वर्षं चुकीचंच म्हणायचो.) बाग राहिली तर मला बरंच वाटेल. तेव्हा पुढचं सगळं हे ध्यानात ठेवून वाचा.

दुसरी गोष्ट, मी स्वतः बायोमेडिकल इंजिनिअर आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत पदवी घेतली आणि गेली पंचवीस वर्षं नाशिकमध्ये हॉस्पिटलांची यंत्रं सांभाळतो. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, डिफिब्रिलेटर. रात्री दोनला सिस्टरचा फोन येतो, "सर, अलार्म थांबत नाहीये." लोक मला 'बायोमेडिकलवाला' म्हणतात, गॅसवाला म्हणतात तसं. त्यामुळे आमच्या खानदानात या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार माझ्याकडे आहे असं मी समजतो. भाऊ तसं समजत नाही. तो म्हणतो, "दादा, तुझा जमाना वेगळा होता."

तर मामला असा. भाऊ राहतो जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला. पुतणीच्या हातात तीन पत्रं आहेत. एक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचं, एक नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूकचं आणि एक घरापासून तासाभरावरच्या जॉर्जिया टेकचं. होकार कळवायची शेवटची तारीख १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन चालू असेल तेव्हा तिकडे पोरं कॉम्प्युटरसमोर बसून आयुष्याचं बटण दाबत असतील.

पैशाचा हिशेब सरळ आहे. हॉपकिन्स किंवा ड्यूक, फी, राहणं, खाणं धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात. चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. दरवर्षी वाढते ती वेगळी. जॉर्जिया टेक हे सरकारी विद्यापीठ. राज्यातल्या मुलांना फी मुळात कमी, त्यात बारावीपर्यंत चांगले मार्क असतील तर लॉटरीच्या पैशातून चालणारी झेल मिलर शिष्यवृत्ती ट्यूशन भरते. उरतं राहणं-खाणं आणि किरकोळ, वर्षाला वीसेक हजार. म्हणजे दोन्हींतला फरक २ लाख ८० हजार डॉलरचा. रुपयांत अडीच कोटींच्या आसपास.

आता कुणी म्हणेल, हॉपकिन्सला तर मायकेल ब्लूमबर्गने २०१८ मध्ये १८० कोटी डॉलर दिले ना, विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी? दिले. आणि खरंच ज्या घरात पैसा नाही त्या अमेरिकन मुलाला हॉपकिन्स जॉर्जिया टेकपेक्षाही स्वस्त पडू शकतं. अशा घरातलं कुणी मला विचारलं तर मी डोळे झाकून हॉपकिन्सला जा म्हणेन, विषय संपला. पण माझा भाऊ आणि भावजय दोघंही आयटीत. मदत मिळण्याइतके गरीब नाहीत आणि ३ लाख ६० हजार सहज काढून देण्याइतके श्रीमंतही नाहीत. मधल्यांची हीच गोची आहे, इथेही आणि तिथेही. शिवाय पालकांना सरकारी कर्ज मिळायचं त्यालाही २०२५ च्या नव्या कायद्याने यंदाच्या जुलैपासून लगाम लागतोय. वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलर, त्यापुढे नाही. म्हणून दिंडोरी.

भावाचा मुद्दा एकच: "दादा, नंबर वन आहे."

हा नंबर कुठून येतो ते मी शोधलं. तुम्हीही शोधा. यूएस न्यूज दरवर्षी यादी काढतं. पदवीच्या पातळीवर इंजिनिअरिंगच्या शाखांची जी क्रमवारी असते ती पूर्णपणे एकाच गोष्टीवर ठरते: वेगवेगळ्या कॉलेजांच्या डीनना आणि वरिष्ठ प्राध्यापकांना प्रश्नावली पाठवून विचारतात, तुमच्या मते कोण चांगलं. बस. मुलांना नोकरी काय लागली, वर्गात कोण शिकवतं, प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलाला हात लावू देतात का, यातलं काही त्यात मोजलेलं नाही. आपल्या गावात 'सगळ्यात चांगला डॉक्टर कोण' असं इतर डॉक्टरांना विचारून यादी केली तर जशी होईल, तशी ती यादी आहे. अगदी खोटी नाही. पण त्या यादीवर बाग विकायची? आणि त्याच यादीत जॉर्जिया टेकही वर्षानुवर्षं पहिल्या दोन-तीनांतच असतं. म्हणजे अडीच कोटींचा फरक आहे तो एक-दोन पायऱ्यांचा.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो गप्प बसला. मग फोन पुतणीने घेतला, आणि तिने मला गप्प केलं.

ती म्हणाली, "काका, मला नंबरशी घेणं नाही. हॉपकिन्समध्ये बायोमेडिकलचं डिपार्टमेंट इंजिनिअरिंग आणि मेडिकल स्कूल दोघांचं मिळून आहे. तिथे डिझाइन टीम असतात, पोरं डॉक्टरांबरोबर बसून त्यांचा प्रॉब्लेम समजून घेतात आणि त्यावर काहीतरी बनवतात. मला ते करायचंय. आणि काका, तुम्हीच मला विवियन थॉमसची गोष्ट सांगितली होती."

सांगितली होती खरी. ती दहा-अकरा वर्षांची असताना, गोदाघाटावर. विवियन थॉमस हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय सुतार. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, मंदीत बँक बुडाली आणि कॉलेज राहून गेलं. डॉ. अल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला, पगार सफाई कामगाराच्या वर्गातला. १९४१ मध्ये ब्लॅलॉक हॉपकिन्सला आले तेव्हा त्याला बरोबर घेऊन आले. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळी पडणारी बाळं असतात, त्यांच्यासाठी काहीतरी करा असा आग्रह डॉ. हेलन टॉसिग यांनी धरला. थॉमसने कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून करून पद्धत बसवली, लहान बाळाला चालतील अशा सुया आणि चिमटे तयार केले. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा, कुठल्या दिशेने घ्यायचा ते सांगत होता. विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली १९७६ ला. बत्तीस वर्षांनी.

आता माझ्याच गोष्टीने मला बांधलं म्हणा ना. पण फोन ठेवल्यावर विचार करत बसलो आणि वाटलं, या गोष्टीतून ती जे काढतेय त्याच्या उलटंही काढता येतं. थॉमसकडे हॉपकिन्सचीच काय, कुठलीच पदवी नव्हती. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या: सुतारकामात तयार झालेला हात, आणि रोगी व शल्यविशारद यांच्यापासून चार पावलांवर उभं राहायची जागा.

याच हॉपकिन्समधली दुसरी गोष्ट. मी महिन्याला शंभरेक डिफिब्रिलेटर तपासतो. ते यंत्र छातीवरून शॉक देण्याइतकं आटोपशीर करण्यात ज्यांचा मोठा हात, ते विल्यम काउवेनहोवेन इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत निकरबॉकर नावाच्या तरुणाच्या लक्षात आलं, की कुत्र्याच्या छातीवर जड पॅडल दाबली की रक्तदाब क्षणभर वर जातो. त्यातून १९६० मध्ये छाती दाबून हृदय चालू ठेवायची पद्धत जगासमोर आली, आज आपण जिला सीपीआर म्हणतो ती. आणि पेसमेकर? मिनियापोलिसचा अर्ल बॅकन हाही इलेक्ट्रिकलवालाच. १९४९ पासून गॅरेजमध्ये हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचा. म्हणजे माझा धंदाबंधू. १९५७ मध्ये शहराची वीज गेली, विजेवर चालणाऱ्या पेसमेकरवर असलेलं एक मूल दगावलं, आणि डॉ. लिलेहाय यांनी याला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करशील का? त्याने चार आठवड्यांत करून दिलं. ते दुकान म्हणजे आजची मेडट्रॉनिक.

यावरून मला काय म्हणायचंय? बायोमेडिकलची पदवी घ्यायची तर हाताला आधी एक पक्कं कसब पाहिजे. सर्किट, नाहीतर यांत्रिकी, नाहीतर सॉफ्टवेअर. आमच्या शाखेचं दुखणं हे आहे की चार वर्षांत सगळ्याची चव मिळते आणि पोट कशानेच भरत नाही. थोडं शरीरशास्त्र, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं मटेरियल. मी पहिल्या मुलाखतीला गेलो होतो तेव्हा समोरच्याने बायोडेटा उलटसुलट करून विचारलं, "मग इलेक्ट्रॉनिक्सच का नाही केलंत?" तीस वर्षं झाली, ती खोली अजून आठवते. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नाही. बायोमेडिकल इंजिनिअर या नावाच्या नोकऱ्या तिथल्या सरकारी आकड्यांत साधारण वीस हजार, आणि मेकॅनिकलच्या तीन लाखांच्या जवळपास. वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्याही सर्रास मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची मुलं घेतात. पगार बरे आहेत, सरासरी लाख डॉलरच्या आसपास. पण दार अरुंद आहे.

म्हणून माझ्या हिशेबात पहिला प्रश्न हा: मन बदललं तर काय? सतरा-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय एकोणिसाव्या वर्षी बदलतो, आणि बदलावाच. हॉपकिन्समध्ये बायोमेडिकलला वेगळा प्रवेश द्यावा लागतो. आत गेल्यावर बाहेर पडणं सोपं, बाहेरून आत येणं महाकठीण. त्यामुळे ज्याला ती जागा मिळते तो ती सोडायला घाबरतो, आवडत नसलं तरी. आणि सोडलीच, तर मग अडीच कोटी जादा कशाचे दिले? जॉर्जिया टेक १८८५ पासून मुळातच इंजिनिअरिंगची शाळा. तिथून मेकॅनिकलकडे गेली तरी ती अमेरिकेतल्या पहिल्या काहींतच असेल. शिवाय तिथे शंभर वर्षांहून जुनी को-ऑप पद्धत आहे, एक सत्र शिकायचं आणि एक सत्र कंपनीत पगारी काम करायचं. आमच्या वेळी असं काही असतं तर मला त्या मुलाखतीत उत्तर देता आलं असतं.

उलट बाजूचं एक उदाहरण माझ्याच मनात सलतंय, ते लपवत नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात २०१० मध्ये पदवीच्या मुलांनी, म्हणजे हिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या पोरांनी, नवजात बाळांना श्वासाला मदत करणारं स्वस्त यंत्र बनवलं. त्यात पंप वापरले होते माशांच्या टाकीचे. पुढे ते मलावीच्या हॉस्पिटलांत गेलं आणि त्याने बाळं वाचली. तेव्हा 'पदवीच्या पोरांना काय येतं' असं मी म्हणू शकत नाही. पण राइसचं वैशिष्ट्य बघा: रस्ता ओलांडला की पलीकडे टेक्सास मेडिकल सेंटर, जगातला सगळ्यात मोठा हॉस्पिटलांचा पसारा.

इथून माझा दुसरा प्रश्न आला, आणि तो कुठल्याच यादीत नाही. वर्गातून वॉर्डात जायला किती वेळ लागतो? माहितीपुस्तकात हॉपकिन्सचा घुमट आणि वर्ग शेजारी शेजारी छापलेले असतात. प्रत्यक्षात पदवीची मुलं राहतात होमवुडला, आणि हॉस्पिटल आहे पूर्व बाल्टिमोरला. मध्ये विद्यापीठाची बस. जॉर्जिया टेकचं तर स्वतःचं मेडिकल स्कूलच नाही. १९९७ पासून एमोरी विद्यापीठाबरोबर जोडीने डिपार्टमेंट चालवतात, आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे या बाबतीत दोघेही सारखेच, दोन्हीकडे बसच. ड्यूकमध्ये मात्र इंजिनिअरिंगच्या इमारतीतून हॉस्पिटलला चालत जाता येतं. शिवाय शाखा नंतर ठरवायची मुभा. खरं सांगू? तेवढेच पैसे घालायचे असतील तर मी हॉपकिन्सऐवजी ड्यूकला घालीन. भावाने ड्यूकचं पत्र नीट वाचलेलंही नाही, कारण ते यादीत खाली आहे.

तिसरा प्रश्न तिच्या आईचा आहे, पण ती मोठ्याने विचारत नाही. पोरीला शेवटी डॉक्टर व्हायचंय का? बायोमेडिकल घेणाऱ्या कितीतरी मुलांच्या मनात ते असतं. असेल, तर मेडिकलची चार वर्षं पुढे उभी आहेत, आणखी तीनेक लाख डॉलर घेऊन. तिथल्या सरकारी कर्जालाही आता दोन लाखांची मर्यादा. आणि मेडिकल प्रवेशाच्या वेळी गुणांची सरासरी बघतात. इंजिनिअरिंगचं गणित आणि वर ऑरगॅनिक केमिस्ट्री असा दुहेरी नांगर ओढताना ती सरासरी कुठे राहील ते सांगता येत नाही, हॉपकिन्सलाही आणि टेकलाही. (टेकला तर शिष्यवृत्ती टिकवायलाच ४ पैकी ३.३ लागतात. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांची ती जाते. हा धोका भावाने काढला आणि तो खरा आहे.) पण सगळी पुंजी पदवीतच ओतून बसलं तर पुढच्या दाराशी रिकाम्या हाताने उभं राहायचं.

इथल्या काही पालकांनी गेल्या महिन्यात मला विचारलं होतं, मुलाला बारावीनंतर थेट तिकडे बायोमेडिकलला पाठवू का. त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचं गणित माझ्या भावापेक्षा कठीण आहे. झेल मिलर नाही, सरकारी कर्ज नाही. चार वर्षांचे तीन कोटींच्या पुढे. एमआयटी, हार्वर्डसारखी मोजकीच विद्यापीठं परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि लागेल ती मदत करतात. तिथे लागला तर पेढे वाटा. बाकीच्या ठिकाणी पदवीनंतर कामासाठी एक वर्ष आणि इंजिनिअर म्हणून आणखी दोन वर्षं मिळतात, त्यात एच-वन-बीची सोडत लागली तर लागली. आणि 'तिकडेच डॉक्टर होईल' हे डोक्यातून काढा, परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूलं तिथे थोडी आहेत. इथे चांगल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल करून एमएसला पाठवलंत तर निम्म्याहून कमी पैशात त्याच प्रयोगशाळेत पोचेल. हैदराबादच्या आयआयटीत तर बायोमेडिकलचं बीटेकच आहे.

तर परत आमच्या घरात. परवा आईला विचारलं. बाग तिचीही आहे. तिने विचारलं, "पोरगी काय म्हणतेय?" मी म्हटलं, ती हॉपकिन्स म्हणतेय. "आणि तिचा बाप?" तोही. "मग तू का अडवतोयस?" मी सगळा हिशेब सांगितला, यादी, बस, तीन लाख नोकऱ्या. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुला मुंबईला पाठवताना तुझ्या वडिलांनी वरची दीड एकर विकली होती. तेव्हा कुणी हिशेब केला नव्हता."

हे मला माहीत नव्हतं. बाग पहिल्यापासून अडीचच एकर होती असं मी धरून चाललो होतो.

त्यामुळे मत तेच आहे, पण आवाज जरा खाली आलाय. काल पुतणीला पाच प्रश्न लिहून पाठवले, तिन्ही विद्यापीठांच्या डिपार्टमेंटला आणि शक्यतो तिथे शिकणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारायला. पहिल्या वर्षाच्या किती मुलांना डिझाइन टीममध्ये खरंच जागा मिळते? आठवड्यातून किती वेळा हॉस्पिटलला जाता? शाखा बदललेली एखादी मुलगी मला भेटवाल का? गेल्या वर्षी पास झालेले वीस जण आज कुठे आहेत? आणि मेडिकलला अर्ज केलेल्यांपैकी किती जण लागले? उत्तरं आली की तिने मला फोन करायचा. तिने, भावाने नाही.

सातबाऱ्यावर माझीही सही लागते. ती उत्तरं वाचूनही हॉपकिन्सच म्हणाली तर ३० तारखेच्या रात्री मी सही करतो असं तिला कबूल केलंय. भावाला हे अजून सांगितलेलं नाही, तो ही पोस्ट वाचेलच.